घराला खांदा नसतो

मित्रांनो, मी बंदूक आहे खरी, पण मला भिऊ नका. माझ्यातून आजवर एकही बार निघालेला नाही आणि पुढे निघणारही नाही. माझ्या दोन्ही नळ्या शिसे ओतून बुजवलेल्या आहेत. काडतूस ठेवायला माझ्या पोटात जागाच नाही. मी एक जुनी मापाची बंदूक आहे. शिंप्याकडे जशी टेप, चांभाराकडे जशी पाऊल ठेवायची फळी, तशी बंदुकीच्या दुकानात मी.

बंदुकीला कसले आले माप, असे तुम्हाला वाटेल. पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटते. पण बंदुकीचा मागचा लाकडी भाग, ज्याला दस्ता म्हणतात, तो खांद्याला टेकतो आणि गालाला लागतो. दस्ता लांब असला तर उचलताना काखेत अडकतो. आखूड असला तर बार उडताच आपलाच अंगठा आपल्या नाकावर येऊन आपटतो. थोडा तिरका असला तर माणूस बघतो एकीकडे आणि छर्रे जातात दुसरीकडे. दस्ता मापात असला की जिथे नजर जाते तिथे नळी आपोआप जाते. मग बंदूक साधी असली तरी चालते.

माझ्या नळ्या मूळच्या दुसऱ्याच एका दुनळी बंदुकीच्या. तिच्या मालकाने तिला वर्षभर कोठीच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. एका नळीत कुंभारमाशीने मातीचे घर बांधले. मालकाने आत डोकावून न पाहता बार काढला. नळी टोकाशी केळ्याच्या सालीसारखी फाटली. माणूस वाचला, फक्त भुवया गेल्या. त्याने ती बंदूक आमच्या दुकानाच्या जुन्या कारागिरांकडे टाकली आणि पुन्हा तिचे तोंड पाहिले नाही.

कारागीर टाकाऊ वस्तू टाकणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी नळ्यांचा फाटका भाग कापला, आत शिसे ओतले, आणि टोकाला पितळेचा मोहरीएवढा मणी बसवला. नेम धरताना डोळा याच मण्यावरून जातो. मग अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता केला आणि तो मुद्दाम तीन ठिकाणी कापला. मध्ये पितळेची बिजागरी आणि स्क्रू घातले. त्यामुळे माझा दस्ता लांब करता येतो, आखूड करता येतो, वर उचलता येतो, डावीउजवीकडे वळवता येतो. बाजूला बारीक रेघा कोरल्या, म्हणजे किती वळले ते वाचता येते. हे सगळे त्यांनी फावल्या वेळात केले. काम संपले तेव्हा त्यांनी मला आपल्या मुलीच्या खांद्याला लावून पाहिले. तो माझा पहिला खांदा. त्या वेळी ती दोन वेण्या घालत असे. पुढे दुकान तिच्याच हाती आले आणि सगळे तिला ताई म्हणू लागले.

आमचे दुकान अरुंद. पुढे काउंटर, मागे कामाचे बाक. जवसाच्या तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास कायम. मागची खिडकी उघडली की गल्लीच्या टोकाच्या भिंतीवर रंगवलेला एक काळा ठिपका दिसे. गिऱ्हाइकाने त्या ठिपक्याकडे बघायचे, डोळे मिटायचे, मला खांद्याला लावायचे आणि डोळे उघडायचे. मणी ठिपक्यावर असला तर माप बरोबर. नसला तर ताईंचा पेचकस चालू.

दुकानात एक शिस्त होती. बंदूक कुणाच्याही हाती जाण्याआधी ती कंबरेत, म्हणजे नळ्या आणि दस्ता जुळतात तिथे, वाकवून उघडायची आणि समोरच्याला आतून दाखवायची. "रिकामी," असे तोंडाने म्हणायचे. समोरच्याने स्वतः बघून "रिकामी," म्हणायचे. मगच हात पुढे करायचा. घेताना तसे, परत देतानाही तसेच. माझ्या पोटात शिसे भरलेले, तरी मलाही सूट नव्हती. एक मिशाळ गिऱ्हाईक एकदा चिडले. "मी काय लहान मूल आहे?"

"तुम्ही मोठेच आहात हो," ताई म्हणाल्या. "पण बंदुकीला वय कळत नाही."

ते माझे चांगले दिवस होते. किती खांदे आले! हमालाचे रुंद, मास्तरांचे पडलेले, एका जाड्या डॉक्टरांचा तर खांदा कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते तेच कळेना. लोक लांबून येत आणि म्हणत, या दुकानात आधी प्रश्न विचारतात आणि मग कपाट उघडतात. ताई आधी परवाना बघत. मग विचारत, बंदूक कशाला हवी, कुठे ठेवणार, घरात कुलपाचे कपाट आहे का. कपाट नसले तर म्हणत, "आधी कपाट करून घ्या. बंदूक कुठे पळून जात नाही."

मग समोर नवीन दुकान झाले. काचेच्या भिंती, पांढरेशुभ्र दिवे, आणि प्रत्येक बंदुकीखाली मखमल. लोक तिकडे वळले. आमच्याकडे कुणी आलेच तर मला पाहून हसे. "हिचा पाय मोडलाय का?" हळूहळू ताईंनीही मला खाली काढणे कमी केले. घाईत असलेल्या माणसाला माप नको असते. मला दाराआडच्या खुंटीवर टांगले. मग कुणीतरी माझ्या नळीवर आपला कोट अडकवला. दुसऱ्याने छत्री अडकवली. बिजागरीत ओल शिरली आणि स्क्रू गंजून घट्ट बसले. मी कपडे टांगायची खुंटी झाले.

अशा दिवसांत एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून दुकानात आली.

आजोबा उंच, हात लांब, चालणे ताठ. वस्तीबाहेर बंधाऱ्यालगत मक्याची सामाईक शेते होती. रानडुकरांपासून ती राखायचे काम ते तरुणपणापासून करत. त्या कामापोटी वस्तीच्या समितीने त्यांना बंधाऱ्यावरचे दोन खोल्यांचे घर दिले होते. काम आहे तोवर घर. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. घरात हे दोघेच. जुनी बंदूक सांध्यात खिळखिळी झाली होती, म्हणून नवी हवी होती. परवाना रीतसर होता आणि त्यावर दोघांचीही नावे होती.

"आधी समोर गेलो होतो," आजोबा म्हणाले. "त्यांनी एक दाखवली. तिच्यावर नक्षी कोरलेली. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, बदकं. मी म्हटलं, अहो, मी डुकरांना बदकं दाखवून काय करू?"

ताई हसल्या. "मग?"

"मग तो विक्रेताच म्हणाला, साधी, टिकाऊ आणि खिशाला झेपेल अशी हवी असेल तर समोरच्या ताईंकडे जा. भला माणूस."

"बंदूक कुणासाठी, आजोबा?"

"घरासाठी."

"घराला खांदा नसतो, आजोबा. चालवणार कोण?"

आजोबांनी सुनेकडे पाहिले. सून दाराशी पिशवी घेऊन उभी होती. अगदी माझ्या शेजारी. ती फरशीकडे बघत होती. "कोण म्हणजे?" आजोबा म्हणाले. "इतकी वर्षं कोण चालवत आलंय? मीच."

"परवान्यावर दोन नावं आहेत, म्हणून विचारलं."

"कागदाला काय, लिहाल तितकी नावं मावतात त्याच्यावर."

ताईंनी एक वापरलेली दुनळी काढली. दिसायला अगदी साधी. नळ्यांचा निळसर रंग हाताळून उडालेला. आजोबांचे तोंड जरा उतरले. पण ताईंनी बंदूक उघडली, "रिकामी" झाले, आणि नळ्या सुट्या करून खिडकीकडे धरल्या. "आतून बघा. उजेड गोल कड्यांसारखा दिसतोय ना, एकात एक? मध्येच कडं वाकडं दिसलं तर नळीला पोचा आलाय असं समजायचं." मग नळ्या परत चढवल्या, पुढचे लाकूड काढून ठेवले आणि बंदूक कानाशी नेऊन हलवली. "खुळखुळली तर घ्यायची नाही. ही गप्प आहे." मग खोटी काडतुसे घालून दोन्ही चाप ओढून दाखवले. "आणि हिचे सुटे भाग कुठेही मिळतात. उद्या माझं दुकान बंद झालं तरी तुमचं अडणार नाही. वरचा रंग गेलाय, म्हणून स्वस्त. काम रंग करत नाही."

"मग द्या," आजोबा म्हणाले.

"अशी कशी? माप घेऊ दे."

ताईंनी माझ्यावरचे कोट बाजूला केले आणि मला आजोबांच्या खांद्याला लावले. मित्रांनो, गाल माझ्यावर टेकला की मला माणूस कळतो. आजोबांचा खांदा पक्का होता, हात जागच्या जागी होते. पण त्यांचा डोळा मणी शोधत होता. इकडे गेला, तिकडे गेला, आणि सापडला नाही.

"मणी दिसतो ना?" ताईंनी विचारले. त्या गंजलेल्या स्क्रूशी झगडत होत्या, त्यांची नजर माझ्या रेघांवर होती.

"दिसतो की. एवढा मोठा तर आहे."

मोहरीएवढ्या मण्याला कुणी मोठा म्हणत नाही. पण मला तोंड नाही. ताईंनी माप घेतले, गरम तेलाने दस्त्याचे लाकूड नरम करून आजोबांच्या उजव्या खांद्याला जुळेल इतके वळवले, आणि लांबी त्यांच्या हाताइतकीच ठेवली. काही दिवसांनी ते बंदूक घेऊन गेले. सून तेव्हाही दाराशीच उभी होती.

त्यानंतर काही आठवडे गेले. एका दुपारी सून एकटीच आली. डोक्यावरचा रुमाल तिने गालावर ओढून घेतला होता. पिशवीतून गवसणी घातलेली बंदूक काढली, उघडली, "रिकामी," म्हणाली आणि काउंटरवर ठेवली.

"ही परत घेता का?"

"का? बिघडली?"

"बंदूक ठीक आहे. मीच बिघडलेली आहे."

ताई काउंटरच्या बाहेर आल्या. त्यांनी सुनेचा रुमाल हळूच बाजूला केला. गालाचे हाड निळे झाले होते. मग सुनेने दंडावरची जखमही दाखवली. दस्ता खांद्यावर बसायच्याऐवजी दंडावर येऊन धडकत होता.

"ही तुम्ही चालवता?" ताई जवळजवळ ओरडल्याच. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मामंजींना दिसत नाही हो आता. दूरचं धूसर, जवळचंही धूसर. राखण मीच करायची असं त्यांनीच ठरवलंय. रोज सकाळी मला शिकवतात. पण दुकानात चार लोकांसमोर कसं सांगणार, की आपलं संपलं म्हणून?"

"चार लोक कुठे होते? मी होते आणि ही खुंटीवरची होती."

"त्यांना तेवढेही जास्त होते."

मग तिने सगळे सांगितले. समितीच्या प्रमुखांना लोक मागून 'खोकला' म्हणत, कारण खोकल्याशिवाय ते बोलायला सुरुवात करत नसत. तर खोकल्याने जाहीर केले होते, की आजोबांचे वय झाले, तेव्हा मका भरायच्या आधी नव्या राखणदाराची परीक्षा होईल. मातीच्या बशा हवेत उडवायच्या आणि त्या फोडायच्या. सुनेबरोबर प्रमुखांचा मेहुणाही उमेदवार होता. सून नापास झाली तर काम मेहुण्याला, आणि कामाबरोबर बंधाऱ्यावरचे घरही.

"मी एकही बशी फोडत नाही," सून म्हणाली. "आता तर बार काढायच्या आधीच डोळे मिटतात. मारच एवढा बसतो. मामंजी म्हणतात, उजवा खांदा घट्ट धर. घट्टच धरते. माझ्यातच काहीतरी खोट आहे."

ताई दाराकडे आल्या. त्यांनी माझ्यावरचे कोट काढले, छत्री काढली, आणि फडक्याने माझी धूळ पुसली. माझी बिजागरी करकरली तेव्हा त्यांनी ओठ चावला. तेलाची बाटली आणली. किती दिवसांनी ते तेल माझ्या सांध्यात गेले!

"आधी एक करा," त्या सुनेला म्हणाल्या. "दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि बोट माझ्या नाकाकडे रोखा. हं, आता हलू नका."

सुनेने बोट रोखले. ताईंनी तिच्या बोटावरून मागे तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. बोट डाव्या डोळ्यासमोर आले होते.

"खोट तुमच्यात नाही. तुमचा हुकमी डोळा डावा आहे. माणसाचे दोन डोळे असतात, पण नेम एकच धरतो. उजव्या खांद्यावर बंदूक घेऊन तुम्ही डाव्या डोळ्याने बघता, म्हणून मान पलीकडे टाकता, म्हणून गाल फुटतो. आणि दस्ता आजोबांच्या हाताचा. तो तुमच्या दंडावर येणार नाही तर काय? डाव्या खांद्यावर घ्या."

"मामंजींना नाही चालायचं. ते म्हणतात, बंदूक उजवीच असते."

"डुकरं विचारतात का, डावी की उजवी?"

सुनेने मला डाव्या खांद्याला लावले. ताईंनी माझा दस्ता आखूड केला, आणखी आखूड केला, डावीकडे वळवला. "आता ठिपक्याकडे बघा. डोळे मिटा. खांद्याला लावा. उघडा."

मला कळले, मित्रांनो. तिचा डोळा शोधत नव्हता. मणी ठिपक्यावर जाऊन बसला होता.

"अगं बाई," सून म्हणाली. एवढेच.

"बंदूक आता तुमच्या मापाची करायची तर दस्ता कापावा लागेल," ताई म्हणाल्या. "आणि कापलं की आजोबांच्या हाताला ती कधीच बसणार नाही. लाकूड काही परत वाढत नाही. त्यांना घेऊन या. त्यांच्या पाठीमागे मी करवत लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी आजोबा आले ते चिडूनच. "आम्ही घेऊन चार दिवस नाही झाले आणि तुम्ही कापायला निघालात! तिला सवय होईल. मलाही सुरुवातीला लागायचं."

ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी मला उघडून दाखवले आणि आजोबांच्या हातात दिले. "मणी कुठे आहे, तेवढं सांगा. मग नाही कापत."

आजोबांनी मला खांद्याला लावले. त्यांचा डोळा पुन्हा इकडेतिकडे गेला.  मग त्यांनी मला खाली घेतले.

"नाही दिसत," ते म्हणाले. "त्या दिवशीही दिसला नव्हता."

"ठाऊक आहे, मामंजी," सून म्हणाली.

"तुला काय ठाऊक आहे?"

"परवा तुम्ही बुजगावण्याला 'काय, कसं काय' विचारलंत. आणि ते बोललं नाही म्हणून दिवसभर रागावलात."

 आजोबांच्या पोटातून हसू आले आणि ते बाकावरच बसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "मला वाटलं, शेजारचा आहे. तो तसाही उत्तर देत नाही." मग ताईंकडे वळून म्हणाले, "आणा इकडे. मी धरतो, तुम्ही कापा."

करवत चालली तेव्हा दस्ता त्यांनीच धरला होता. लाकडाचा तुकडा खाली पडला. त्यांनी तो चाचपडत उचलला, फुंकर मारून भुसा उडवला आणि खिशात टाकला. दस्ता वळवायला आणि त्याला तेल पाजायला काही दिवस लागणार होते. तोवर सुनेने सराव कशाने करायचा? ताईंनी माझ्याकडे पाहिले.

"हिला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "हिच्यातून काही सुटत नाही. उचला आणि खांद्याला लावा, दिवसभर. हाताला सवय झाली पाहिजे."

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा दुकानाबाहेर पडले.

बंधाऱ्यावरचे घर लहान होते. एका खोलीत चूल, दुसरीत दोन खाटा आणि बंदुकीचे कुलूपबंद कपाट. वाऱ्याने खिडकी सारखी वाजायची. आजोबा खुर्चीवर बसत आणि सून समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत मला उचले. उचल, लाव, खाली. उचल, लाव, खाली. आजोबांना दिसत नव्हते, म्हणून मला वाटले ते नुसते सोबतीला बसलेत. पण ते ऐकत होते. माझे लाकूड गालाला नीट लागले की बारीक 'टप' असा आवाज होतो. खांदा आधी लागला आणि गाल मागाहून आला तर तो आवाज होत नाही.

"पुन्हा," आजोबा म्हणत.

"लागलं की, मामंजी."

"नाही लागलं. खांद्याने घाई केली. गाल."

थोड्या वेळाने 'टप' होई. "हां," आजोबा म्हणत. "आता बसली."

इतकी वर्षे राखण केलेल्या माणसाचे सगळे शहाणपण त्यांच्या कानांत येऊन बसले होते. भाजी चिरताना मध्येच उठून सून मला उचले, तर आतल्या खोलीतून आवाज येई, "गाल!" एकदा ती वैतागून म्हणाली, "मामंजी, आता मला स्वप्नातसुद्धा गालच ऐकू येतो." आजोबा म्हणाले, "मग स्वप्नात तरी नीट लावतेस का?"

दस्ता तयार झाला. पहिल्या दिवशी सुनेने डाव्या खांद्यावरून बार काढला आणि गालाला हात लावून पाहिला. काहीच लागले नव्हते. त्या दिवशी तिचे डोळे मिटले नाहीत.

परीक्षेच्या सकाळी बंधाऱ्याखालच्या पडीक जागेत सगळी वस्ती जमली. आजोबांनी मला बरोबर घेतले. काठीऐवजी, असे ते म्हणाले. खोकला खोकला आणि म्हणाला, "सुरू करा."

आधी मेहुणा पुढे आला. त्याच्या हातात नवी कोरी बंदूक होती, तीच, बदकांच्या नक्षीची. त्याचा नेम वाईट नव्हता. काही बशा सुटल्या, बऱ्याच फुटल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग सून. पहिली बशी उडाली आणि तशीच्या तशी खाली पडली. दुसरीही सुटली. मागून कुणीतरी म्हणाले, "बाई डावरी आहे की!" आजोबांचा हात माझ्या दस्त्यावर आवळला. तिसरी बशीही गेली असती तर सगळे संपले असते. ते मोठ्याने एकच शब्द बोलले.

"गाल."

सुनेने श्वास घेतला. तिसरी बशी आकाशात फुटली. चौथी फुटली. एक सुटली, पुन्हा फुटू लागल्या. शेवटी मोजदाद झाली तेव्हा दोघांचे सारखेच निघाले. लोकांत कुजबुज सुरू झाली, कारण सारखे निघाले तर प्रमुख कुणाकडे झुकणार, हे काय सांगायला हवे?

खोकल्याने दोघांना जवळ बोलावले. सुनेने जागीच बंदूक उघडली, उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळकांड्या काढल्या, आत पाहिले, आणि तशीच उघडी बंदूक हातावर घेऊन समितीसमोर आली. "रिकामी," ती म्हणाली आणि सगळ्यांना दाखवली. तिला कुणी सांगितले नव्हते. आमच्या दुकानाची ती सवय तिच्या अंगात शिरली होती.

मेहुणा आनंदात होता. तो बंद बंदूक तशीच हातात धरून आला, आणि बोलताना तिचे तोंड सरळ प्रमुखांच्या पोटावर आले. "दाजी, बघितलंत ना?" तो म्हणाला.

"आधी ती उघड," आजोबा शांतपणे म्हणाले. त्यांना दिसले नव्हते. पण एकच बंदूक उघडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता, दुसरीचा नाही.

मेहुण्याने बंदूक उघडली. आत एक काडतूस होते, न उडालेले.

खोकल्याचा खोकला थांबला. त्याच्या तोंडून पहिल्यांदा खोकल्याशिवाय वाक्य आले. "काम सुनेचं," तो म्हणाला, आणि दोन पावले मागे सरकून पोटावरून हात फिरवला.

घर राहिले. आजोबांनी खिशातला तो कापलेला लाकडाचा तुकडा तासून पाचर केली आणि वाजणाऱ्या खिडकीत ठोकली. मग मला परत आणून दिले. देताना उघडून दाखवायला ते विसरले नाहीत. "ताई," ते म्हणाले, "तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशीच दिलं असतं, तर पोरीचा गाल वाचला असता."

"आणि मी स्क्रूऐवजी तुमच्या डोळ्यांकडे बघितलं असतं तरी वाचला असता," ताई म्हणाल्या. त्यानंतर माझी जागा पुन्हा खिडकीजवळ झाली.

मित्रांनो, आता मी फार जुनी झाले आहे. माझ्या रेघा पुसट झाल्या आहेत, ताईंनाही चष्म्याशिवाय त्या वाचता येत नाहीत. मी तुम्हाला बंदूक घ्यायला सांगत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांना तिची गरज कधी पडणार नाही, आणि पडू नये. पण घरात कुणासाठी काही घ्याल, मग ते बूट असोत की चष्मा असो की हातातले हत्यार, तर ज्याला ते वापरायचे आहे त्याला दाराशी उभे करू नका. त्याला पुढे बोलवा, त्याला विचारा. आणि दुकान असे शोधा, जिथे कपाट उघडण्याआधी प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची खरी उत्तरे द्या.

आणि कुठल्याशा दुकानात दाराआड माझ्यासारखी एखादी लटकताना दिसली, तर तिच्यावर ओला कोट टांगू नका. तिच्या बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडायला सांगा. पुढचा खांदा दारात केव्हा येऊन उभा राहील, सांगता येत नाही.